अनुदान आणि गावाची जबाबदारी

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वरी पाऊस कोसळत असतो, तेव्हा येथील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या भागाच्या विकासासाठी शासनाने वेळोवेळी अनुदाने दिली. त्यांतून नालाबांध, पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे व शेततळी अशी असंख्य कामे उभी राहिली. या कामांची गरज निर्विवाद आहे. परंतु बांधकाम पुरे झाले व अनुदानाची रक्कम खर्ची पडली, म्हणजे विकास झाला, अशी समजूत आपणा कार्यकर्त्यांत व ग्रामस्थांत रूढ होत चालली आहे. तिचा विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात पूर्व भागातील एका गावी पीकपाहणीसाठी गेलो होतो. रब्बी ज्वारी पोटरीत आली होती आणि दुपारच्या उन्हात पाने माना टाकीत होती. शिवाराच्या कडेला ओढ्यावर चांगला भक्कम बंधारा होता. पण त्यात पाणी नव्हते. बंधाऱ्याची दारे एका खोलीत रचून ठेवलेली होती. पाऊस ओसरताच, ऑक्टोबरच्या मध्यास, ती बसविली असती तर ओढ्याचे शेवटचे पाणी अडले असते. एका वयस्कर शेतकऱ्यास मी कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, बंधारा सरकारचा, दारंही सरकारचीच. आम्ही कशी हात लावणार?”

मी त्यांस दोष देऊ शकलो नाही. बंधारा कोठे व्हावा, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. तो कोणी सांभाळावा, हेही कोणी सांगितले नव्हते. आणि ते सांगण्याचे काम माझ्यासारख्यांचेच होते.

या दुर्लक्षाची किंमत साध्या हिशेबाने कळते. बंधाऱ्यामागे २०० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पाणी साठते असे धरू. हा साठा ३,००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर झाला. एक हेक्टर ज्वारीला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यावयास ५०० घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन व पाझर वेगळा ठेवला, तर सहा हेक्टर ज्वारी एका पाळीने वाचू शकते. दारे न बसविल्यास हे सर्व वाहून जाते. अर्धा मीटर गाळ साचू दिला, तरी १,००० घनमीटर साठा, म्हणजे दोन हेक्टरांची पाळी, कायमची गमावली जाते.

सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, तेव्हा त्यामागील कल्पना स्पष्ट होती. कार्यक्रम लोकांचा असावा आणि शासनाने त्यास साहाय्य करावे, असे अभिप्रेत होते. पुढे हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटला. कार्यक्रम शासनाचा झाला आणि लोक त्याचे लाभार्थी झाले. ‘लाभार्थी’ या शब्दातच गाव हात पुढे करून उभे राहिलेले दिसते.

आपल्याच भागात याहून निराळी उदाहरणे आहेत. कै. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या प्रयोगाचा आरंभ झाला, त्यातून पुढे राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७९ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. मजुराच्या हाती दाम पडावा आणि त्याच्या श्रमातून गावाच्या उपयोगी पडेल असे उत्पादक काम मागे राहावे, हे तिचे सूत्र होते. पैसा संपणारच होता. काम टिकणे अपेक्षित होते.

दुसरे उदाहरण येरळा नदीचे. खटाव तालुक्यातून सांगली जिल्ह्यात उतरणाऱ्या या नदीवर बलवडी व तांदुळवाडी येथील ग्रामस्थांनी १९८० नंतरच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा स्मृती धरण उभारले. नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून, श्रमदानातून आणि बाहेरच्या हितचिंतकांच्या मदतीतून पैसा उभा केला. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांनी ठरविलेले पाणीवाटप. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क राहील आणि त्या पाण्यावर ऊस घेतला जाणार नाही, असे तत्त्व त्यांनी स्वीकारले. म्हणजे भिंतीबरोबरच नियमही बांधला. अलीकडे पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी ही गावे पहिली आली. श्रमदानाची ही शक्ती कौतुकास्पद आहे. पण त्या चरांतील गाळ दरवर्षी कोण काढणार, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

यावर कोणी म्हणतील की, गरीब गावांवर हा नवा बोजा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. टेंभू किंवा म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजना गावाच्या आवाक्यातील नव्हेत. तो भार शासनानेच वाहिला पाहिजे. तसेच लोकसहभागाच्या नावाखाली भूमिहीनाने घाम गाळावा आणि पाणी मात्र बागायतदाराच्या विहिरीत जावे, हाही न्याय नव्हे. म्हणून वर्गणी लाभाच्या प्रमाणात असावी: ज्याची विहीर भरते त्याने अधिक द्यावे, ज्याला जमीन नाही त्याच्या श्रमाचे दाम द्यावे.

माझे मत असे की, देखभालीची व्यवस्था ठरल्याखेरीज गावाने अनुदान मागू नये आणि आपणही प्रस्ताव पुढे पाठवू नये. कामाची जागा व प्रकार ग्रामसभेत ठरावा. दारे कोण बसविणार, कोण काढणार आणि कोठे ठेवणार, हे नावानिशी ठरावात लिहावे. पाणलोट विकासाच्या १९९४ च्या मार्गदर्शक सूचनांत लाभधारकांच्या हिश्श्यातून पाणलोट विकास निधी उभारावा व प्रकल्प संपल्यावर तो दुरुस्तीस वापरावा, अशी तरतूद होती. तीच रीत प्रत्येक लहानमोठ्या कामास लावावी. दरवर्षी उन्हाळ्यात गाळाची खोली मोजून ग्रामसभेपुढे ठेवावी आणि निघालेला गाळ प्रथम हलक्या, मुरमाड जमिनींस द्यावा.

ग्रामसेवक व कृषी सहायक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. ३१ मार्चपूर्वी रक्कम खर्ची घालण्याची आपली धावपळ मला अनुभवाने ठाऊक आहे. परंतु कामाची खरी परीक्षा त्या तारखेस होत नाही. तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, त्या बंधाऱ्यावर पुन्हा जावे. दारे बसलेली असतील व पाणी उभे असेल, तरच काम यशस्वी झाले असे नोंदवावे.

आपल्या घरात विरजण संपले तर शेजारून चमचाभर आणता येते. दूध मात्र घरचेच लागते. अनुदान हे असेच विरजण आहे. गावाने आपल्या एकोप्याचे दूध आधी तापवून ठेवावे. मग शासनाचा चमचाही पुरेल. यंदाचा पाऊस ओसरण्यापूर्वी आपल्या गावच्या बंधाऱ्याची दारे कोठे आहेत, एवढे तरी प्रत्येकाने पाहून यावे.