कर शून्यावर, बुलपपचे गणित बदलणार

अमेरिकेत आखूड नळीच्या रायफलींवरील २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यातील या तरतुदीची झळ बुलपप रायफलींच्या नागरी बाजारपेठेला बसू शकते.

बुलपप रचनेत गोळी झाडणारी यंत्रणा आणि मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यात बसवलेले असते. त्यामुळे नळी न कापता शस्त्र आखूड होते. ऑस्ट्रियाची स्टेयर एयूजी आणि फ्रान्सची फामास या रायफली १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आल्या, तेव्हा चिलखती वाहनातील अपुरी जागा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. नागरिकांकडे चिलखती वाहन नसते. त्यांच्यासाठी खरा लाभ कायद्याने निर्माण केला. १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली आज १६ इंचांहून आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांहून कमी लांबीची रायफल नोंदणीशिवाय बाळगता येत नाही. इस्रायली टॅव्होर एक्स-९५ साडेसोळा इंची नळीसह २६ इंचांहून जेमतेम अधिक भरते. १६ इंची नळीची एआर-१५ मात्र दस्ता आत सरकवूनही सुमारे ३२ इंच राहते.

या सहा इंचांची किंमत बरीच आहे. चाप पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब दांडी लागते. चापाची ओढ जड आणि बोजड होते, ही नेमबाजांची जुनी तक्रार. स्फोट गालाशेजारी होत असल्याने कानांवरील आघात तीव्र असतो. मॅगझिन काखेजवळून बदलावे लागते. बहुतेक मॉडेलांत रिकामे काडतूस उजवीकडे उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडावर. काहींत सुटे भाग बदलून बाजू पालटता येते, पण ऐनवेळी नव्हे. घरात एक उजवा आणि एक डावखुरा असेल, तर ती रायफल एकाचीच. केल-टेक आरडीबीने काडतूस खाली टाकून हा प्रश्न सोडवला. चापाचा प्रश्न मात्र कोणालाच पुरता सुटलेला नाही.

लष्करांचा कलही पालटला आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये फामासऐवजी पारंपरिक रचनेची एचके-४१६ निवडली. चीननेही २०१९ च्या संचलनात बुलपप क्यूबीझेड-९५ची जागा घेणारी पारंपरिक रायफल दाखवली. भारतात टॅव्होर विशेष दलांकडे आहे. नागरी परवानाधारकांना २०१९च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि स्वयंचलित शस्त्रे त्यांना वर्ज्य आहेत.

अमेरिकेत कर गेला, तरी बोटांचे ठसे, छायाचित्र, पूर्वमंजुरी आणि राज्याबाहेर नेताना लागणारी परवानगी कायम आहे. या कटकटीपेक्षा बुलपप बरी, असे म्हणणारे खरेदीदार राहतीलच. तथापि, सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये हा कायदा कर आकारण्याच्या अधिकाराच्या आधारे वैध ठरवला होता. करच उरला नसताना नोंदणी कशाच्या बळावर, हा प्रश्न आता न्यायालयांपुढे आहे. नोंदणी कोसळल्यास १० इंची नळीची साधी रायफल अनेक राज्यांत सहज मिळेल आणि बुलपपचा मुख्य युक्तिवाद निकालात निघेल.

कॅलिफोर्नियात तो आधीच उलटा पडला आहे. तेथे ३० इंचांहून कमी लांबीची, सेंटरफायर काडतुसांची अर्धस्वयंचलित रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरते. त्यामुळे तेथील खरेदीदाराला टॅव्होर हवी असल्यास आधी ती लांब करून घ्यावी लागते.