घर नावाचा वॉर्ड

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडताना देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या आत कर्करोगासाठी 'डे केअर' केंद्रे उभारण्याचे आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच आर्थिक वर्षात सुरू करण्याचे आश्वासन दिले. त्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून कर्करोग म्हणजे मुंबईची वारी हे समीकरण राज्याच्या कानाकोपऱ्यात रुजले आहे. केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागली, तर अनेकांची धर्मशाळेतील नाहीतर पदपथावरील रात्र टळेल.

मात्र या घोषणेचा दुसरा अर्थ फारसा चर्चेत आला नाही. सकाळी दाखल करून, सलाइनमधून औषध देऊन रुग्णाला सायंकाळी घरी पाठवायचे, याचाच अर्थ उपचारांचा उरलेला भाग घराने पार पाडायचा. घर म्हणजे तरी कोण? विभक्त कुटुंबाच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ते बहुधा एकच माणूस असते: पती किंवा पत्नी.

केमोची अनेक चक्रे २१ दिवसांची असतात. त्यातला एक दिवस रुग्णालयाचा, उरलेले २० घरचे. पहिले तीन-चार दिवस मळमळ, उलट्या आणि अन्नावरची वासना उडणे यांत जातात. उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, तोंड आल्याने गिळवत नाही. ज्या औषधांनी केस गळतात, त्यांत दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. हे सारे त्रासदायक असले तरी दिसणारे असते. खरा धोका त्यानंतरचा आणि न दिसणारा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी तळ गाठतात. या काळात रुग्ण अनेकदा बरा दिसतो, हसतो-बोलतो. अशा वेळी रात्री अकराला अंगात कणकण जाणवते. आपल्या घरांची जुनी सवय अशी की पॅरासिटामॉलची गोळी द्यायची, पांघरूण घालायचे आणि सकाळी पाहू म्हणायचे. एरवी ही सवय निरुपद्रवी असते. इथे मात्र ती जीव घेऊ शकते. थर्मामीटरचा पारा १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर ती आणीबाणी समजून तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी दिल्यास ताप झाकला जातो, संसर्ग नव्हे. काही तासांत जंतुसंसर्ग सर्वांगात पसरू शकतो. म्हणजे त्या रात्रीचा सर्वांत मोठा वैद्यकीय निर्णय डॉक्टर नव्हे, तर झोपेतून उठलेला जोडीदार घेत असतो.

त्याला या कामाचे शिक्षण कोणी दिलेले असते? केमोनंतरचे ४८ तास रुग्णाची उलटी वा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कच्ची कोशिंबीर व उघड्यावरचे खाणे टाळावे, ऑक्झॅलिप्लॅटिन दिले असेल तर फ्रिजमधल्या पाण्याचा घोटही घशाला झोंबतो, या गोष्टी गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत सांगितल्या जातात आणि कानावरून जातात. हाती पडते ते डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत. त्यात भर नातेवाइकांच्या सल्ल्यांची. कोणी गुळवेलीचा काढा सुचवतो, कोणी साखर पूर्ण बंद करायला सांगतो. डॉक्टरांना न सांगता घेतलेल्या वनौषधी केमोच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतात. पण जाऊबाईंनी प्रेमाने पाठवलेली बाटली परत करण्याचे धैर्यही जोडीदारालाच गोळा करावे लागते.

हा भार समान वाटला जात नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात, तर पुरुष ७४. नवरा आजारी पडला की बायकोने शुश्रूषा करावी हे गृहीतच असते. बायको आजारी पडली की अनेक घरांत माहेरची माणसे बोलावली जातात किंवा तीच केमोहून येऊन कुकर लावते. मऊ भात शिजवणे, गोळ्यांची वेळ सांभाळणे, रात्री उठून कपाळावर हात ठेवणे ही 'बायकांची कामे' नव्हेत, हे अनेक पुरुष या आजारातच शिकतात. शिकतात, हेही थोडे नव्हे.

केंद्राच्या आयुष्मान भारत आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले योजनेतून पात्र रुग्णांच्या केमोचा खर्च भागतो. परंतु सोबत्याचा बुडालेला रोज, संपलेली रजा आणि त्याची झोप यांना कोणत्याही योजनेत रकाना नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून शुश्रूषा करणाऱ्या नोकरदारांना वर्षाला आठवडाभर, बिनपगारी का होईना, रजेचा हक्क दिला. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसासाठी दरमहा ६०० रुपयांची 'आश्वासकिरणम्' योजना आणली. रक्कम किरकोळ आहे. पण हे काम आहे, ही कबुली तीत आहे.

डे केअर केंद्रांसोबत फार मोठा खर्च न करता चार गोष्टी करता येतील. पहिल्या केमोपूर्वी रुग्णाच्या सोबत्याला तासभराचे प्रशिक्षण, मराठीत छापलेला एक कागद, रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक आणि दुसऱ्या आठवड्यात परिचारिकेचा एक फोन. शिवाय ताप आलेल्या केमो-रुग्णाला आधी प्रतिजैविक द्यायचे आणि केसपेपर मागून काढायचा, ही शिस्त जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाने अंगी बाणवायला हवी. अन्यथा केंद्र सायंकाळी पाचला बंद होईल आणि रात्री अकराला चढलेल्या तापाशी झुंजायला हातात थर्मामीटर घेतलेला एक घाबरा माणूस तेवढा उरेल. खाटा वाचवल्याचा हिशेब मांडताना त्या माणसाचाही हिशेब मांडायला हवा.