वेल की वृक्ष?

घर बांधून झाले, की अंगणाचा विचार सुरू होतो. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील कोणत्याही वाडीत गेलात, तरी घरापुढे थोडी मोकळी जागा आणि घरामागे लहानसे परसू बहुधा आढळेल. या जागेत काय लावावे, याविषयी घरोघरी दोन मते असतात. कोणी म्हणतो, मांडव घालून त्यावर फळभाजीचा वेल चढवावा. कोणी म्हणतो, सावलीचे एखादे झाड लावावे. जागा ऐसपैस असेल, तर वाद उरत नाही. परंतु जागा, पाणी आणि वेळ ही तिन्ही मोजकी असली, म्हणजे आधी काय लावावे हे ठरवावे लागते. ते कसे ठरवावे, याचा आज आपण विचार करू.

प्रथम वेलाची बाजू ऐकू. मृगाचा पाऊस पडला, की पडवळ, शिराळे, काकडी, कारले यांच्या बिया आळ्यांत टोचतात. थोड्याच दिवसांत कोंब वर येतात आणि त्यांचे नाजूक ताणे आधार शोधू लागतात. या वेलांवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. परागकण मिळाले, म्हणजे ते वाढू लागते. पडवळ वाकडे होऊ नये, म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधतात. दीड-दोन महिन्यांत मांडव फळांनी भरून जातो. गणपतीसाठी मुंबईहून चाकरमानी घरी येतात, तेव्हा परसातील ताजी भाजी त्यांच्या स्वागताला तयार असते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, अशी चाल आहे. त्या दिवशीची भाजीही बव्हंशी या परसानेच पुरवायची असते.

वेलाला फार खर्च लागत नाही. चार बांबू, थोडी काटकी आणि मूठभर बिया पुरतात. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने काकडीची 'शीतल' आणि शिराळ्याची 'कोकण हरिता' अशा जाती काढल्या आहेत. घरातील मुलेसुद्धा वेलाची निगा राखू शकतात आणि आपल्या कष्टाचे फळ त्याच वर्षी पानात वाढलेले पाहू शकतात. वेलाचा हा गुण लहान नव्हे.

आता वृक्षाची बाजू पाहू. वृक्ष सावकाश चालतो. फणसाची आठळी पेरली, तर तिच्या झाडाला फळ धरण्यास बहुधा सात-आठ वर्षे लागतात. रोप लहान असताना गुरे आणि शेळ्या यांपासून त्याला जपावे लागते. शिवाय पाण्याचा प्रश्न असतो. महाड-पोलादपूर भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. परंतु डोंगरउतारांवरून ते पाणी ओढ्यांवाटे सावित्रीला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाते. एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा दिवसांत रोपाला तांब्याभर पाणी देणे हादेखील त्यागच होय. पहिले दोन-तीन उन्हाळे हा त्याग करावा लागतो. पुढे मुळे खोल गेली, म्हणजे झाड आपले आपण पाहते.

मग एवढे कष्ट घेऊन मिळते काय? याचे उत्तर वैशाखात मिळते. आपले बहुतेक वेल पावसाळ्याचे सोबती. पावसाळा सरला, की ते वाळतात आणि ऊन कडक होते त्या सुमारास मांडव उघडा पडलेला असतो. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत अंगणातील मांडवावर द्राक्षाचा वेल चढवितात. तो उन्हाळ्यात पानांनी सावली देतो आणि हिवाळ्यात पाने गाळून ऊन आत येऊ देतो. तेथे फळ आणि सावली ही दोन्ही कामे एकच वेल करतो. परंतु कोकणातील धुवाधार पाऊस आणि दमट हवा द्राक्षाला सोसत नाही. त्यावर बुरशीचे रोग पडतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्याच्या सावलीसाठी वृक्षाकडेच जावे लागते. वृक्ष केवळ ऊन अडवीत नाही. त्याच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि भोवतालची हवा थंड होते. त्या सावलीत आजोबा विसावतात, मुले खेळतात, वाटसरू घटकाभर टेकतो. वेलाचे फळ घरापुरते असते. वृक्षाची सावली वाटेवरच्या माणसालाही मिळते.

वृक्षावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले, तेव्हा असंख्य झाडे उन्मळून पडली आणि कित्येक घरांची हानी झाली. परंतु यावरून झाडच नको, असे ठरत नाही. फणस-आंब्यासारखे मोठे झाड घरापासून पंधरा-वीस हात दूर लावावे, वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्यात आणि जागा अपुरी असेल तर कोकमासारखे आटोपशीर झाड निवडावे, एवढेच ठरते.

या सर्वांत मला वेळेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेल यंदा लावायचा राहिला, तर पुढच्या मृगात लावता येतो. एका हंगामापलीकडे काही बुडत नाही. वृक्ष लावायचा दहा वर्षे राहिला, तर ती दहा वर्षे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अंगणात झाडे असती तर दरड थांबली असती, असे कोणी म्हणू नये. परंतु अशा आपत्तीनंतर माणसांना नव्या जागी संसार मांडावा लागतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. भिंती आणि छप्पर वर्षा-दोन वर्षांत उभे करता येतात. जुन्या झाडाची सावली मात्र पैसे देऊन आणता येत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आंबा, फणस अशी रयतेची झाडे तोडू नयेत, असे बजावले आहे. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे त्याचे कारणही दिले आहे.

म्हणून माझे मत असे, की वृक्ष आधी लावावा आणि वेल मागाहून. घराच्या पश्चिमेस जागा असेल, तर झाड तिकडे लावावे, म्हणजे तिसऱ्या प्रहरचे ऊन अडेल. त्याचे रोप लहान आहे तोवर अंगणात ऊन भरपूर असते. त्या उन्हात दरवर्षी खुशाल वेलाचा मांडव घालावा. पुढे फणस मोठा झाला, म्हणजे त्याच्या खोडावर मिरीचा वेलही चढविता येतो, कारण मिरीला सावली मानवते.

मुलांनो, तुमच्या वयाला हे काम विशेष शोभते. आज बारा वर्षांच्या मुलीने आठळी पेरली, तर ती विशीत येईपर्यंत झाड सावली धरू लागेल. यंदाच्या मृगात पहिला खड्डा झाडासाठी खणा. आळी त्यानंतर करा.