आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

जुनी डिझेल मोटार निळसर धूर ओकू लागली, चढावर दम टाकू लागली आणि गॅरेजातून ‘टर्बो गेला’ असा निकाल आला, की मालकाच्या तोंडचे पाणी पळते. हा निकाल बहुधा खोटा नसतो; टर्बो गेलेलाच असतो. परंतु तो का गेला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. मग हजारो रुपये मोजून नवा टर्बो बसविला जातो, महिना-दोन महिने गाडी सुरेख चालते आणि पुन्हा तोच धूर, तीच कर्कश शिट्टी, तोच निकाल. दुसऱ्या हाताची गाडी जपून वापरणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला पहिला फटका कसाबसा सोसतो. दुसऱ्या फटक्यानंतर गाडी भंगारात काढण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग उरत नाही. पुष्कळदा ती गाडी भंगारात जाण्याच्या लायकीची मुळीच नसते.

टर्बोचार्जर ही काही आजची नवलाई नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबायची, एवढेच तिचे तत्त्व. मात्र मोटारीच्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकतो. हा वेग धातूवर धातू घासून पेलणारा नव्हे. दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो आणि तेच तेल त्याची उष्णता वाहून नेते. हा पुरवठा क्षणभर तुटला तरी दांड्याची कायमची हानी होते. म्हणूनच टर्बोचे दुखणे हे अनेकदा टर्बोचे नसते, तेलाचे असते.

युरोपात पेजो-सित्रोएन आणि फोर्ड यांनी मिळून तयार केलेल्या १.६ लिटर डिझेल इंजिनाने हा धडा फार महागात शिकविला. २००४ च्या सुमारास आलेले हे इंजिन फोर्ड, व्होल्व्हो, माझदा अशा अनेक नावांच्या गाड्यांत बसले. त्यात इंजेक्टरच्या बुडाशी असलेला तांब्याचा वॉशर ढिला पडला, की ज्वलनाचे वायू निसटत. त्यांची काजळी तेलात मिसळे आणि तेलाचा चिखल होई. टर्बोकडे तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टमध्ये कचरा अडविण्यासाठी एक बारीक जाळी होती. ती या काजळीने बुजून जाई. म्हणजे रक्षणासाठी उभा केलेला पहारेकरीच दार अडवून बसे! नवा टर्बो त्याच नळीवर, त्याच बोल्टवर बसविला, की तोही तहानेने मरे. अखेर नळी व बोल्ट नवे घालावेत, तळाच्या टाकीतील जाळी काढून स्वच्छ करावी, इंजेक्टरचे वॉशर पाहावेत, या अटी टर्बो विकणाऱ्यांनीच हमीपत्राला जोडल्या.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॅशबोर्डावरील तेलाचा लाल दिवा विझलेला आहे, म्हणजे टर्बोला तेल मिळते आहे, असे नव्हे. तो दिवा इंजिनाच्या मुख्य मार्गातील दाब सांगतो. पुढच्या अरुंद नळीत काय चालले आहे, याचा त्याला पत्ता नसतो. खरी परीक्षा प्रवाहाची. टर्बोकडून परतणारे तेल ठरावीक वेळ भांड्यात धरून ते पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याला फारसा खर्च येत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. टर्बोतील तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली परतते. परतीची नळी तुंबली, किंवा घासलेल्या पिस्टन-रिंगांमुळे व बुजलेल्या ब्रीदरमुळे इंजिनाच्या पोटात दाब वाढला, की तेलाला वाट राहत नाही आणि धडधाकट टर्बोही हवेच्या बाजूला तेल गाळू लागतो. अशा वेळी टर्बो बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. डॉक्टरला तपासणीची फी निमूटपणे देणारा गृहस्थ गॅरेजात ‘नुसते पाहण्याचे कसले पैसे?’ म्हणून हुज्जत घालतो. भागाची किंमत त्याला पटते, विचाराची पटत नाही. साहजिकच मेकॅनिकही ज्याचे पैसे मिळतात तेच करतो. कंपन्याही नामानिराळ्या राहू शकत नाहीत. युरोपातील त्या गाड्यांना तेलबदलासाठी २०,००० किलोमीटरपर्यंतची मुभा होती. कमी देखभालीचे ते आकर्षण शोरूममध्ये पहिल्या मालकाला दाखविले गेले आणि त्याची किंमत तिसऱ्या मालकाने मोजली.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुढील काही वर्षे राहणारच आहे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल मोटारी बंद केल्या. पण तिच्या गाड्यांतील, तसेच पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाटची १.३ लिटर टर्बो-डिझेल इंजिने आजही रस्त्यांवर धावत आहेत. त्यांच्या मालकांनी एक करावे. जुना टर्बो बदल्यात परत जाण्यापूर्वी तो उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. दांडा निळा-काळा करपलेला असेल तर तेल पोहोचलेच नाही. ओरखडे असतील तर तेल घाण होते. आणि दांडा स्वच्छ असून चक्राची पातीच तुटलेली असतील तर बाहेरची वस्तू आत शिरली, तेलाचा त्यात अपराध नाही. नव्या टर्बोचे पैसे मोजायचे ते यानंतर.