आधी आवाज कुठे गेला ते बघा

लॅपटॉपवरचं चित्र वायरीशिवाय टीव्हीवर दिसू लागतं, पण आवाज येत नाही. कधी तो तुटक येतो, तर कधी बोलणाऱ्याच्या ओठांशी जुळत नाही. परगावच्या लग्नाचं थेट प्रक्षेपण असो, शाळेतला धडा असो की सोसायटीच्या हॉलमधलं व्याख्यान, माणसं जमून बसलेली असतात आणि घाईत हाताला येईल ते बटण दाबलं जातं. कोणी टीव्ही फॅक्टरी रीसेट करतं, कोणी ड्रायव्हर उडवतं, कोणी इंटरनेटवर नंबर शोधून अनोळखी माणसाला फोन लावतं. माझी कळकळीची विनंती आहे की यातलं काहीही करू नका. आधी आवाज कुठे चालला आहे ते शोधा आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

चित्र टीव्हीवर गेलं म्हणजे आवाजही आपोआप गेला, असं आपण धरून चालतो. कॉम्प्युटर मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतो. चित्र कोणत्या पडद्यावर दाखवायचं ही एक निवड, आवाज कोणत्या स्पीकरमधून काढायचा ही दुसरी. टीव्ही जोडला की विंडोज बहुधा आवाजही तिकडे वळवतं. पण ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल किंवा आधी कधी तुम्ही दुसरा स्पीकर निवडून ठेवला असेल, तर आवाज तिकडेच राहू शकतो. तेव्हा पहिली तपासणी कानाने करा. लॅपटॉपमधून आवाज येतोय का? टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून काही ऐकू येतंय का? तिथे आवाज सापडला, तर बिघाड काहीच नाही. फक्त त्याची दिशा बदलायची आहे.

ती अशी बदला. पडद्याच्या खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोज १० मध्ये आवाजाच्या पट्टीच्या वर उपकरणाचं नाव आणि बाण दिसतो. विंडोज ११ मध्ये पट्टीच्या शेजारच्या चिन्हावर क्लिक केलं की यादी उघडते. त्या यादीतून टीव्ही निवडा. मॅक असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघडा आणि ‘आउटपुट’खाली टीव्ही निवडा. यादीत टीव्हीचं नावच नसेल, तर जोडणी तोडून पुन्हा जोडा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि ‘के’ एकत्र दाबलं की आसपासच्या टीव्हींची यादी येते.

टीव्ही निवडूनही शांतता असेल, तर ज्या अ‍ॅपमधून आवाज यायला हवा ते बंद करून पुन्हा उघडा. काही अ‍ॅप सुरू होताना जो स्पीकर मिळतो, तोच धरून बसतात. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये तर स्पीकरची स्वतःची वेगळी निवड असते, तीही बघा. विंडोजच्या ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा दिसतो, एखादंच अ‍ॅप शून्यावर असू शकतं. क्रोममधून कास्ट करत असाल, तर आणखी एक लक्षात ठेवा. फक्त टॅब कास्ट केला, तर त्या टॅबचाच आवाज टीव्हीवर जातो, बाकी अ‍ॅपचा लॅपटॉपवरच राहतो. पूर्ण स्क्रीन कास्ट करताना आवाज पाठवण्याची खूण दिसली, तर ती आधी करा.

टीव्हीलाही विसरू नका. जोडणी तोडून नेहमीचा एखादा चॅनेल लावा. तोही मुका असेल, तर दोष लॅपटॉपचा नाही. म्यूट बघा. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे वळवलेला आहे आणि साउंडबार बंद आहे, असं तर नाही ना, तेही पाहा. चॅनेलचा आवाज नीट येतो, पण लॅपटॉपचा साउंडबारवर येत नाही, असं झालं तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवून बघा. पीसीएम म्हणजे साधा, न दाबलेला आवाज. तो जवळजवळ प्रत्येक साउंडबारला समजतो.

आता तुटक आवाजाकडे येऊ. इथे पुष्कळ लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात आणि महागडा प्लॅन घेऊन बसतात. त्याआधी लॅपटॉपमध्ये साठवलेला एखादा व्हिडिओ टीव्हीवर लावून बघा. तोही तुटत असेल, तर इंटरनेटचा त्यात काही संबंध नाही. विंडोजमधून टीव्हीशी थेट जोडणी होते ती बहुधा मिराकास्ट पद्धतीने. वाय-फाय अलायन्सने ही पद्धत २०१२ मध्ये आणली आणि विंडोज ८.१ पासून ती विंडोजमध्येच आहे. तिला इंटरनेट लागत नाही. अडचण असते ती खोलीतल्या हवेतल्या गर्दीची. वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ब्लूटूथही वापरतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. म्हणून ब्लूटूथ नको असेल तर बंद करा, राउटर आणि टीव्ही दोन्हींना चालत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय वापरा, लॅपटॉप टीव्हीच्या जवळ आणा. तो चार्जरला लावा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. मागे चालू असलेले डाउनलोड थांबवा.

तिसरी तक्रार ओठ आणि आवाज न जुळण्याची. आवाज आधी येतो की मागून, हे नीट ऐका. उपाय त्यावरच ठरतो. वायरीशिवाय जाणाऱ्या चित्राला टीव्हीपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपवर असेल, तर आवाज पुढे पळतो. दोन्ही टीव्हीवर पाठवा. उलट आवाज मागून येत असेल, तर टीव्हीला जोडलेला ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार काढून बघा. दोन्ही टीव्हीवर असूनही चित्रच मागे राहत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ लावा. त्याने चित्रावरची प्रक्रिया कमी होते आणि चित्र लवकर येतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या बटणांनी आवाज दर वेळी ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकवता येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवतं, पण मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खटकत नाही. तेव्हा तंतोतंत जुळवण्याच्या मागे लागू नका, आणि राहिलाच तर आवाज किंचित मागे राहू द्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर दोन्ही उपकरणं पूर्ण बंद करून सुरू करा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो, म्हणून भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबा. ड्रायव्हरची पाळी त्यानंतर येते. टीव्हीकडे जाणाऱ्या आवाजाचा ड्रायव्हर पुष्कळदा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर येतो, म्हणून ग्राफिक्सचा ड्रायव्हरही अद्ययावत करा. मात्र तो विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

आणि हे विशेषतः घरातल्या ज्येष्ठांसाठी. शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवरचा माणूस तुमचा पडदा स्वतःकडे घेणारं अ‍ॅप टाकायला सांगू लागला, तर फोन ठेवा. आवाज दुरुस्त करायला ओटीपी, पिन किंवा बँकेचं अ‍ॅप कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.

कार्यक्रम महत्त्वाचा असेल, तर एचडीएमआय केबल जवळ ठेवा आणि अर्धा तास आधी जोडून बघा. केबलने चित्र आणि आवाज दोन्ही जातात. मात्र तिथेही आवाजाच्या यादीत टीव्हीच निवडलेला आहे ना, हे बघावंच लागतं.

घरात ज्याला हे जमतं, त्याला शेवटची विनंती. आई-बाबांच्या हातातून रिमोट घेऊन झटपट दुरुस्ती करून निघून जाऊ नका. शेजारी बसा, सगळ्या पायऱ्या त्यांच्याच हातून करून घ्या आणि त्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पुढच्या वेळी तुम्ही घरी नसाल, तेव्हा त्यांना कोणाची वाट बघावी लागणार नाही.