परतीचे तिकीट

आपल्या घरातून बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. एखाद्या मुलाच्या तोंडून चुकून ‘जातो’ निघाले तर आजी त्याला उंबरठ्यावरच थांबवते आणि शब्द बदलून घेते. विमानतळावरील काउंटरमागे बसलेल्या कारकुनाला ही रीत ठाऊक नसते, परंतु त्यालाही हवे असते ते हेच. ‘येतो’ हा शब्द त्याला तारखेसह, पैसे भरलेल्या कागदावर छापलेला पाहावयाचा असतो. ज्याच्याजवळ परदेशातील वास्तव्याचा परवाना नाही, अशा प्रवाशाकडे परतीचे तिकीट मागितले जाते ते याच अर्थाने.

पुष्कळांना या मागणीत अपमान वाटतो. ‘आम्ही काय तिथे राहायला चाललो आहोत?’ असा संतप्त प्रश्न आम्ही अनेक सुविद्य गृहस्थांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्यासारख्यांना हे अधिकच विचित्र वाटावे, कारण होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर माळव्यात आणि गुजरातेत उतरलेल्या आपल्या पूर्वजांना परतीची तारीख कुणी विचारली नव्हती. विचारली असती, तर इंदूर-बडोद्यात आज इतकी मराठी घरे दिसती ना! परंतु काळ बदलला. या मागणीमागची व्यवस्था समजून घेतली, तर तीत मानापमानाचा भाग फारसा नाही आणि हिशेबाचा भाग पुष्कळ आहे, हे ध्यानी येते.

आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा पाया १९४४ साली शिकागो येथे झालेल्या कराराने घातला गेला. त्या कराराच्या नवव्या परिशिष्टात प्रवाशांच्या ये-जा करण्याविषयीचे नियम आहेत. त्यांतील तत्त्व थोडक्यात असे, की प्रवाशाजवळ आवश्यक कागद आहेत की नाहीत हे विमान कंपनीने चढण्यापूर्वीच पाहावे आणि पलीकडच्या देशाने एखाद्याला प्रवेश नाकारलाच, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी ज्या कंपनीने आणले तिनेच उचलावी. त्यावर अनेक देशांनी दंडाची जोड दिली. ब्रिटनने १९८७ च्या कायद्याने अपुऱ्या कागदांच्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला एक हजार पौंड दंड ठेवला, पुढे तो दोन हजार झाला. युरोपीय संघाने २००१ साली आपल्या सभासद देशांना असेच दंड हजारो युरोंच्या घरात ठेवण्यास सांगितले. आपल्या देशानेही २००० साली कायदा करून दर प्रवाशामागे एक लाख रुपये दंड ठरविला होता. २०२५ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा रद्द केला, तरी वाहक कंपनीची जबाबदारी कायम राखली.

हे दंड मुख्यतः पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या अभावाबद्दल असतात हे खरे. परंतु परतीचे तिकीट नाही म्हणून प्रवेश नाकारला गेला, तरी त्या प्रवाशाला परत आणण्याचा भार कंपनीवरच पडतो. म्हणून काउंटरवरचा तो तरुण कारकून त्या घटकेपुरता परक्या देशाचा पहारेकरी झालेला असतो. त्याच्यासमोरच्या यंत्रावर ‘टिमॅटिक’ नावाची नियमांची सूची असते. आपले नागरिकत्व, जावयाचा देश आणि मुक्कामाचे दिवस पाहून ती सूची जे सांगेल त्यापलीकडे जाण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच्याशी वाद घालणे म्हणजे रेल्वेच्या फाटकाशी वाद घालणे होय.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. परतीचे तिकीट विचारणारे तिघे असतात आणि तिघांचे प्रश्न निराळे असतात.

पहिला विचारतो तो वकिलातीतील अधिकारी. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा काढताना परतीच्या प्रवासाचे आरक्षण दाखवावे लागते. व्हिसा हाती येण्याआधी पूर्ण रक्कम भरून तिकीट घेणे शहाणपणाचे नसते, म्हणून तेथे आरक्षणाचा कागदही चालतो. अमेरिकेची वकिलात तर व्हिसा मिळण्यापूर्वी तिकीट काढू नका, असेच सांगते. दुसरा विचारतो तो विमान कंपनीचा कारकून. त्याला मात्र आरक्षण पुरत नाही, पक्के तिकीट हवे असते. तिसरा विचारतो तो उतरल्यावर भेटणारा अधिकारी. त्याचा खरा प्रश्न तिकिटाचा नसून हेतूचा असतो. अमेरिकेचा पर्यटक-व्हिसा असलेल्या भारतीयाजवळ परतीचे तिकीट असलेच पाहिजे, असा तेथील कायद्याचा दंडक नाही. परंतु ‘किती दिवस राहणार? परत केव्हा?’ या प्रश्नांना उत्तर देताना हातातील तिकीट दहा वाक्यांचे काम करते.

जेथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, तेथे ही मागणी सर्वांत कडक असते. तेथे वकिलातीने पूर्वी काहीच तपासलेले नसते, त्यामुळे सारी तपासणी काउंटरवर येऊन पडते. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसावाचून प्रवेश दिला, तो परतीचे तिकीट आणि पुरेसा पैसा जवळ असण्याच्या अटीवर. इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, परंतु परतीचे किंवा पुढील देशाचे तिकीट दाखवावे लागते. मॉरिशसचेही तसेच. लोक ‘व्हिसा लागत नाही’ एवढेच वाक्य ऐकतात आणि त्यापुढील अट ऐकण्यापूर्वीच सामान बांधू लागतात.

आमच्या परिचयातील एका निवृत्त दांपत्याची हकिकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्यांची कन्या क्वालालंपूर येथे नोकरीनिमित्त राहते. २०२४ साली तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी दोघे निघाले. परतीचे नंतर पाहू, म्हणून एकेरी तिकीट काढले होते. मुंबईच्या विमानतळावर काकूंच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळाची दुपटी होती, नव्हता तो एक कागद. कारकुनाने परतीचे तिकीट विचारले. नानांनी मुलीचा तेथील वास्तव्याचा परवाना पुढे केला. कारकून नम्रपणे म्हणाला, ‘काका, हा परवाना त्यांचा आहे, तुमचा नाही.’ अखेर मुलीने तिकडून फोनवर परतीची तिकिटे काढून दिली, तेव्हा काउंटर बंद होण्यास थोडाच अवधी उरला होता. ऐन वेळची ती तिकिटे महाग पडली, हे दुःख लहान. मोठे दुःख निराळे होते. परतीची तारीख तीस दिवसांच्या आतली घ्यावी लागली आणि बाळंतिणीचा सव्वा महिना काही तीस दिवसांत बसत नाही. बारसे झाले, परंतु लेकीला पुरते उठून बसवण्याआधीच आईला निघावे लागले. अधिक मुक्कामासाठी निराळी परवानगी असते आणि ती घरून निघण्याआधीच पाहावयाची असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या कारकुनाचे आहे. मुलगा अथवा मुलगी तेथील रहिवासी असली, म्हणून आई-वडील रहिवासी होत नाहीत. ज्याच्या स्वतःच्या नावावर ग्रीन कार्ड, दुबईचा निवासी व्हिसा अथवा तत्सम परवाना आहे, त्याने एकेरी तिकिटावर खुशाल जावे, कारण तो परत चाललेला असतो. इतरांनी ही सवलत आपली समजू नये. उलट दिशेचाही विचार करावा. परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला नातू प्रवासी भारतीय नागरिकाचे ओ.सी.आय. कार्ड घेऊन आला, तर त्याला परतीचे तिकीट विचारले जात नाही. परंतु तो पर्यटकाच्या ई-व्हिसावर येत असेल, तर परतीचे किंवा पुढील प्रवासाचे तिकीट जवळ असावे, अशी सूचना आपलेच सरकार देते. जो नियम आपण दुसऱ्यांना लावतो, तो दुसऱ्याने आपणास लावला तर रागावण्याचे कारण नाही.

आम्ही शाळामास्तर असल्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या, पन्नाशीच्या आतील पुष्कळ लोकांच्या पासपोर्टावर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. असा पासपोर्ट असलेला माणूस नोकरीसाठी नव्हे, तर नुसता भेटीसाठी आखाती देशांत किंवा मलेशियात निघाला, तरी पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट ही त्रयी त्याला आपल्याच विमानतळावर दाखवावी लागते, असा नियम २००७ पासून आहे. फसव्या दलालांनी गरिबांना भेटीच्या नावाखाली मजुरीस नेऊ नये, हा त्यामागील हेतू. म्हणून दहावीचे प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी पडलेले असेल, तर पासपोर्टाचा अर्ज करतानाच ते बाहेर काढावे. तो शेरा मग लागतच नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. परतीची तारीख निश्चित नसेल, तर एकेरी तिकीट हा उपाय नव्हे. तारीख बदलता येईल असे दुहेरी तिकीट घ्यावे आणि बदलाचे शुल्क किती ते आधी लेखी विचारून घ्यावे. परतीची तारीख मात्र त्या देशाने दिलेल्या दिवसांच्या आतच हवी. शेंगेन देशांत हे दिवस कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० असतात. येण्याचे आणि जाण्याचे तिकीट एकाच कंपनीचे असण्याची गरज नाही, परंतु दोन्हींची छापील प्रत जवळ असावी. मोबाइलची बॅटरी काउंटरवर पोहोचेपर्यंत टिकेलच, याची हमी कोणी द्यावी? परतीऐवजी तिसऱ्या देशाचे तिकीट दाखवावयाचे असेल, तर त्या तिसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्कही आपणास हवा. कागदांच्या अभावी विमानात घेतले नाही, तर त्याची भरपाई मागता येत नाही. आवश्यक कागद बाळगणे ही प्रवाशाची जबाबदारी, असे तिकिटाच्या शर्तींतच लिहिलेले असते.

काही एजंट थोड्या पैशांत ‘नुसते दाखवायचे तिकीट’ करून देतात. कंपनीने काही दिवसांसाठी राखून ठेवलेले खरे आरक्षण ही एक गोष्ट आणि संगणकावर नाव घालून छापलेला खोटा कागद ही दुसरी. आरक्षणाचा क्रमांक यंत्रावर घालताच दुसरीचे सोंग उघडे पडते. शेंगेन व्हिसाच्या नियमांत खोटा कागद हे अर्ज नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे आणि एकदा तशी नोंद झाली की पुढच्या अर्जांवरही तिची छाया पडते. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसाने म्हातारपणी हजारभर रुपयांसाठी परक्या अधिकाऱ्यासमोर खोटा ठरावे, याहून दारुण काय असणार!

नियम बदलत असतात. शेजाऱ्यांना गेल्या वर्षी विचारले नाही, म्हणून आपणास या वर्षी विचारणार नाहीत, असे धरून चालू नये. निघण्यापूर्वी आठ दिवस त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ पाहावे आणि विमान कंपनीस लेखी विचारून तिचे उत्तर जवळ ठेवावे. मुलांनीही आई-वडिलांना ‘तुम्ही या, बाकीचे मी पाहतो’ असे सांगून मोकळे होऊ नये. काउंटरसमोर मुलगा नसतो, दोन म्हातारी माणसे असतात आणि त्यांच्या मागे रांग असते.

प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर दही घालण्याची चाल आपल्या घरांतून अजून आहे, ती असावीच. दही घालणाऱ्याने त्या वेळी एवढेच विचारावे, ‘पासपोर्ट घेतलात? व्हिसा घेतलात? आणि परतीचे तिकीट?’ तिन्ही प्रश्नांना होकार आला, की मगच पाऊल बाहेर पडू द्यावे.