नाव कंपनीचे, भांडवल दुकानदाराचे

अमेरिकेतील हमरस्त्याने प्रवास करणाऱ्याला शंभर-शंभर मैलांच्या अंतरावर तीच पाटी, तोच रंग आणि त्याच चवीचा पदार्थ भेटतो. या साऱ्या दुकानांचा धनी एकच असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मॅकडॉनल्ड्सच्या उपाहारगृहांपैकी सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे स्वतंत्र व्यावसायिक चालवतात. नाव कंपनीचे, पण चालू धंद्यात गुंतलेला पैसा, कर्जाचा बोजा आणि नोकरांचे पगार या व्यावसायिकांचे. याच पद्धतीला फ्रँचाइझी म्हणतात. तिच्यातील दुबळ्या पक्षाला कायद्याने कितपत संरक्षण द्यावे, यावरून अमेरिकेच्या राज्य विधिमंडळांत गेली पन्नास वर्षे झगडा चालू आहे.

या झगड्याचे मूळ करारनाम्यात आहे. करारनामा कंपनीचे वकील तयार करतात. धंदा सुरू करू इच्छिणाऱ्याने त्यावर सही करायची किंवा परत फिरायचे, एवढीच त्याला मोकळीक. माल कोणाकडून घ्यायचा, दुकानाची सजावट केव्हा बदलायची, धंदा कोणाला विकता येईल, हे सारे कंपनी ठरवते. कंपनीचा हिस्सा सामान्यतः नफ्यावर नव्हे, तर एकूण विक्रीवर आकारला जातो. त्यामुळे जुन्या दुकानाजवळ नवे दुकान उघडले की दोघांची मिळून विक्री वाढते आणि कंपनीचे उत्पन्नही वाढते. जुन्या दुकानदाराचा नफा मात्र बुडतो. दोघांचे हित सदैव एकच असते हा दावा येथे लंगडा पडतो.

संघराज्य सरकारचा या बाबतीतला नियम १९७९ मध्ये अमलात आला आणि २००७ मध्ये सुधारला गेला. सही करण्यापूर्वी किमान १४ दिवस कंपनीने आपली सविस्तर माहिती उमेदवाराच्या हाती दिली पाहिजे, असे तो सांगतो. परंतु त्या नियमाचा भंग झाला म्हणून दुकानदाराला त्याच्या आधारे स्वतः न्यायालयात जाता येत नाही. शिवाय सही झाल्यावर कंपनीने कसे वागावे याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. मोटारविक्रेत्यांना १९५६ मध्ये आणि पेट्रोलपंपचालकांना १९७८ मध्ये संघराज्याच्या कायद्याने संरक्षण मिळाले. इतरांना राज्यांच्या दाराशी जावे लागले.

न्यू जर्सीने १९७१ मध्ये आणि विस्कॉन्सिनने १९७४ मध्ये, सबळ कारणाविना करार तोडता येणार नाही असे ठरवले. कॅलिफोर्नियाच्या १९८०च्या कायद्यातही सबळ कारणाची अट होती. पण कराराच्या कोणत्याही कायदेशीर अटीचा भंग हे सबळ कारण मानले जाई, आणि चूक सुधारण्यास तीस दिवसांहून अधिक मुदत देण्याचे बंधन नव्हते. क्षुल्लक चुकीवर आयुष्याची पुंजी जाऊ शकते, अशी दुकानदारांची तक्रार होती. भंग ‘भरीव’ असला पाहिजे, हा एक शब्द कायद्यात घालण्यासाठी पुढे दोन वर्षे रण माजले. २०१४ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले विधेयक गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी नाकारले आणि संबंधितांनी एकत्र बसून मार्ग काढावा असे सुचवले. वाटाघाटी झाल्या, आणि २०१५ मध्ये त्यांनीच नव्या विधेयकावर सही केली. २०१६ पासून तेथे भंग भरीव असावा लागतो आणि सुधारणेसाठी किमान साठ दिवस द्यावे लागतात.

कंपन्यांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नाही. एका दुकानातील अस्वच्छता साऱ्या नावाला काळिमा लावते, आणि त्याची झळ त्याच नावाच्या प्रामाणिक दुकानदारालाही बसते. नाठाळ माणसाला काढता आले नाही तर पद्धतच कोसळेल, हेही खरे. परंतु संरक्षणाचे कायदे काढण्यास मनाई करीत नाहीत. ते कारण सांगा आणि सुधारण्यास अवसर द्या, एवढेच म्हणतात.

आयोवाने १९९२ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले आणि जुन्या दुकानाशेजारी नवे दुकान थाटण्यावरही बंधन आणले. कंपन्या तत्काळ न्यायालयात गेल्या. आधीच झालेल्या करारांना नवा कायदा लावणे घटनेशी सुसंगत आहे काय, हा तेथे वादाचा मुद्दा ठरला. त्याहून मोठा आघात १९८४ मध्येच झाला होता. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, करारात लवादाचे कलम असेल तर १९२५च्या संघराज्य कायद्यापुढे कॅलिफोर्नियाचा कायदा चालणार नाही. राज्याने हक्क द्यावा आणि छापील करारातील एका कलमाने न्यायालयाचे दार बंद व्हावे, असा हा प्रकार आहे.

या लढ्यातील मैत्र्याही टिकाऊ नाहीत. २०१४-१५ मध्ये सेवाक्षेत्रातील कामगारांची मोठी संघटना दुकानदारांच्या बाजूने उभी होती. पुढे तिने वेतनाच्या बाबतीत कंपनीलाही जबाबदार धरण्याची मागणी लावून धरली. २०२३च्या तडजोडीत ती जबाबदारी गळाली आणि एप्रिल २०२४ पासून ताशी वीस डॉलरचे किमान वेतन आले. ते देण्याचा भार फ्रँचाइझी दुकानांत दुकानदारावरच पडला. न्यू जर्सीत आपला १९७१चा कायदा बळकट करणाऱ्या विधेयकाला भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांचे प्राबल्य असलेल्या संघटनेने पाठिंबा दिला, तेव्हा २०२३ मध्ये मॅरियट आणि चॉइस या बड्या कंपन्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. भारतातून जाऊन कष्टाने मोटेल उभारणाऱ्या कुटुंबांना, आपण मालक आहोत की भाडेकरू, हा प्रश्न तेव्हा उघडपणे भेडसावू लागला.

भारतात फ्रँचाइझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुख्य भिस्त १८७२च्या करार कायद्यावरच आहे. निवृत्तीची रक्कम किंवा घर गहाण ठेवून काढलेले कर्ज घेऊन या धंद्यात उतरणारी माणसे आपल्याकडेही आहेत. करारस्वातंत्र्य हे मूल्य मोठे आहे. परंतु एका बाजूला वकिलांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाची शिल्लक असते, तेव्हा त्या स्वातंत्र्याचा लाभ कोणाला होतो, हे विधिमंडळानेच पाहायचे असते. अमेरिकेतील राज्यांनी अर्धवट का होईना, ती जबाबदारी उचलली आहे. दुकानदाराला नफ्याची हमी कोणीच देऊ शकणार नाही. नोटीस, कारण आणि सुधारण्याची मुदत एवढे मात्र त्याच्या पदरी पडलेच पाहिजे; करारातल्या लवादाच्या कलमाने हे हक्क पुन्हा काढून घेता येऊ नयेत, याचीही तजवीज त्यासोबतच व्हावयास हवी.